दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं मुक्काम नव्हे, तो मेसेज पुढं ढकलू नका

आपल्या कोल्हापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, अमेरिकेचा दहा वर्षांचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा असलेल्या आईवडिलांसाठी म्हणून. त्याचं म्हणणं असं की व्हिसावर जी तारीख छापलीय तोपर्यंत बिनधास्त राहा, सहा महिन्यांची अट फक्त सिंगल एन्ट्रीवाल्यांना, वाटलंच तर कॅनडाला दोन दिवस जाऊन या की पुन्हा सहा महिने मिळतात, जास्त राहिलात तरी जाताना दंड भरून सुटता येतं, व्हिसा असला की एअरपोर्टवर कुणी अडवू शकत नाही, आणि जुना पासपोर्ट टाकू नका. मी सोडून दिलं असतं, पण हा मेसेज राजारामपुरीतल्या माझ्या आत्याकडं पोचला. लेकीचं बाळंतपण न्यू जर्सीत, आणि आत्यानं याच मेसेजच्या भरवशावर एजंटला अकरा महिन्यांनंतरचं परतीचं तिकीट बघायला सांगितलं. म्हणून हे लिहितोय, आणि चिडूनच लिहितोय.

आधी तारखेचं, कारण सगळा घात तिथंच आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची स्वतःची व्हिसाची वेबसाइट आहे, ट्रॅव्हल डॉट स्टेट डॉट गव्ह, आणि तिथं स्पष्ट लिहिलंय की व्हिसावरची शेवटची तारीख म्हणजे कधीपर्यंत त्यांच्या दारात जाऊन आत येण्याची परवानगी मागता येईल ती तारीख, आत किती दिवस राहायचं याच्याशी तिचा संबंध नाही. किती दिवस ते उतरल्यावर इमिग्रेशनचा ऑफिसर ठरवतो. फिरायला किंवा मुलांकडं आलेल्यांना साधारण सहा महिने देतात, आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. पूर्वी पासपोर्टमध्ये पांढरं कार्ड लावायचे, २०१३ पासून विमानानं येणाऱ्यांचं सगळं ऑनलाइन झालं. शिक्का मारला तर त्यावर हातानं तारीख लिहितात, पण हल्ली बऱ्याचदा शिक्काच मारत नाहीत, म्हणून आपल्या माणसांना वाटतं तारीखच नाही. तारीख असते ओ! सीबीपी म्हणजे अमेरिकेचं सीमा आणि कस्टम सांभाळणारं खातं, त्याच्या आय-९४ च्या साइटवर नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर टाकला की 'ॲडमिट अंटिल डेट' दिसते, ती खरी तारीख. मल्टिपल एन्ट्री म्हणजे परत परत जाता येतं, एवढंच. केएमटीचा महिन्याचा पास काढला म्हणून कुणी महिनाभर बसमध्ये मुक्काम ठोकत नाही.

आता दंडाचं, यात तर मेसेज लिहिणाऱ्यानं कहर केलाय. मला वाटतं हे दुबईवरून आलंय, तिथं मुदतीपेक्षा जास्त राहिलं तर दिवसाला ५० दिरहम भरावे लागतात, आणि आपल्याकडची लई माणसं दुबई बघून आलेली आहेत. अमेरिकेत पैसे भरून विषय मिटत नाही. आय-९४ ची तारीख एका दिवसानं जरी ओलांडली तरी तो दहा वर्षांचा व्हिसा कायद्यानं रद्द धरला जातो, पुन्हा पहिल्यापासून फॉर्म, फी, मुंबईला बीकेसीत इंटरव्ह्यू, आणि तिथं आधी हाच प्रश्न. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं तर तीन वर्षं प्रवेश बंद, वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षं. आत्याचं गणित मांडून बघा, सहा महिने मिळाले आणि अकरा राहिली तर व्हिसा गेला, आणि तेरा महिने राहिली असती तर नातवाला तीन वर्षं फक्त व्हिडिओ कॉलवर बघायचं. पासष्टीच्या बाईवर ही वेळ एका फॉरवर्डमुळं येणार, याचा मला राग येतो. खरंच जास्त राहायची गरज असेल, आजारपण वगैरे, तर तारीख संपायच्या आत आय-५३९ फॉर्म भरून मुदतवाढ मागता येते, कारण आणि कागद द्यावे लागतात. सरळ रस्ता आहे, पण तो मेसेजमध्ये नाही.

कॅनडाचं ऐका. एक तर भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, अमेरिकेचा दाखवून चालत नाही. दुसरं, कॅनडा किंवा मेक्सिकोला जाऊन तीस दिवसांच्या आत परत आलात तर सहसा जुन्याच आय-९४ वर आत घेतात, म्हणजे तारीख तीच राहते.

एअरपोर्टवर अडवू शकत नाहीत हे साफ खोटं, व्हिसा असूनही परत पाठवतात. एक मात्र मान्य करावं लागेल, दोन ट्रिपांमध्ये इतके दिवस गेलेच पाहिजेत असा लिखित नियम अमेरिकेचा नाही. पण सहा महिने राहून येऊन लगेच पुन्हा गेलात तर ऑफिसरला वाटणारच की हे फिरायला येत नाहीत, इथंच राहतायत, आणि मग तो कमी दिवस देऊ शकतो.

मेसेजच्या खाली 'युरोपलाही हेच लागू' असंही कुणीतरी जोडलंय. तेही चूक. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा व्हिसा पाच वर्षांचा असला तरी कुठल्याही १८० दिवसांत ९० च दिवस, उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवस दोन्ही धरून. ब्रिटनचा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला जास्तीत जास्त सहा महिने.

जुन्या पासपोर्टचं तेवढं बरोबर आहे. पासपोर्ट संपला तरी त्यातला अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर जुना आणि नवा दोन्ही सोबत न्यायचे, आणि व्हिसाचं पान फाडायचं किंवा स्टिकर काढून नव्यात चिकटवायचं नाही, त्यानं तो बाद होतो. आत्याचं तिकीट आता साडेपाच महिन्यांचं बघायला सांगितलंय, आणि उतरल्या दिवशीच आय-९४ काढून त्याचा फोटो मला पाठव असं तिच्या लेकीला कळवलंय.