आनंदामाइड म्हणजे गांजा नव्हे

‘शरीर स्वतःच गांजा बनवतं, म्हणून चेहऱ्याच्या कळांवर भांगेचं तेल चोळा, गोळ्या बंद करा’ असा मेसेज फिरतोय. सुरुवात अर्धी खरी, शेवट धोक्याचा.

शरीर आनंदामाइड नावाचा पदार्थ बनवतं, हे खरं. १९९२ साली जेरुसलेममध्ये रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत तो सापडला. नाव चक्क आपल्या ‘आनंद’वरून. गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, पेशींवरच्या ज्या ग्राहींना (रसायनांचा संदेश घेणाऱ्या जागांना) चिकटतं, त्यांनाच हाही चिकटतो. पण तो लागेल तेव्हा, लागेल तेवढाच बनतो आणि एक एन्झाइम त्याला लगेच मोडून टाकतं. ते एन्झाइम रोखून, म्हणजे आनंदामाइड जास्त वेळ टिकवून, दुखणं थांबवायचे प्रयत्नही झाले. गुडघेदुखीत असं एक औषध नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही; २०१६ मध्ये फ्रान्समधल्या रेन शहरात तशाच दुसऱ्या औषधाच्या चाचणीत एक जण दगावला.

आता चेहऱ्याच्या कळा. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यात दात घासताना, अगदी वाऱ्याची झुळूक लागली तरी गालातून वीज जाते. (दाताचंच दुखणं समजून चांगले दात उपटून घेणारेही असतात.) यावर कार्बामाझेपिन हे आजही पहिल्या पसंतीचं औषध आहे. ते एकदम थांबवलं तर कळा उसळतात, फिट येण्याचाही धोका असतो. डोस कमी करायचा तो डॉक्टरांना विचारून, हळूहळू.