पाणघोड्याच्या पाठीवरचं ते कासव ‘सबरूफा’ नाही

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात लोअर साबीजवळ सनसेट डॅम नावाचं तळं आहे. तिथे पाणघोड्यांच्या पाठीवर कासवं ऊन खात बसतात. तिथला एक फोटो सध्या सफारीला जाणाऱ्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर फिरतोय. खाली मजकूर असा: ‘आफ्रिकेत गोड्या पाण्यातल्या कासवाची एकच जात, पेलोमेड्युसा सबरूफा. ओळख सोपी. मान आडवी वळवते, रंग काळपट तपकिरी. खात्री हवी असेल तर उचलून पोट पाहा.’ चार वाक्यं आहेत, आणि चारही चुकीची आहेत.

आधी ‘एकच जात’. उत्तरेला मोरोक्को-अल्जीरियात मॉरेमिस लेप्रोसा आहे. नाईलमध्ये मऊ कवचाचं ट्रायोनिक्स आहे, झांबेझीत सायक्लोडर्मा. हे सायक्लोडर्मा आपल्याकडच्या तळ्यांतल्या मऊ पाठीच्या लिसेमिस कासवाचं जवळचं नातलग. मग पेलुसिओस ही अख्खी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, येते, तिच्यात पंधरापेक्षा जास्त जाती.

खुद्द पेलोमेड्युसासुद्धा एक राहिलेलं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या केपपासून सेनेगलपर्यंतची सगळी कासवं दीर्घकाळ सबरूफा या एकाच नावाखाली मोजली जायची, त्यामुळे जुनी पुस्तकं वाचणाऱ्याची गफलत मी समजू शकतो. पण 2014 मध्ये डीएनए आणि शरीररचना तपासून तिच्या किमान दहा जाती वेगळ्या काढल्या गेल्या. गॅलिएटा दक्षिण आफ्रिकेतली, गेहाफी इरिट्रियाची, न्यूमानी केनियात सापडते. टांझानियातल्या एका जातीचं नाव ‘कोबे’ ठेवलं, स्वाहिलीत कासवाला म्हणतात तोच शब्द. म्हणजे फोटो नेमका कुठला आहे हे कळल्याशिवाय या गटात जातीचं नाव लिहिता येत नाही.

आता मानेची गोष्ट. मान आडवी वळवून कवचाच्या कडेखाली दडवणं ही या अख्ख्या कुळाची सवय आहे. पेलोमेड्युसा तसं करतं, पेलुसिओसही करतं. या खुणेवरून एवढंच कळतं की हे मॉरेमिस किंवा ट्रायोनिक्स नाही, कारण ती मान सरळ आत ओढतात. हनुवटीवरचे दोन छोटे कोंबही दोन्हींकडे असतात, त्यांचाही उपयोग नाही.

रंगाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. पाठीवर चिखल आणि शेवाळ बसलं की सगळीच काळपट दिसतात.

खरा फरक पोटाकडच्या कवचात असतो, हे मात्र त्या मजकुराला अर्धवट ठाऊक आहे. पेलुसिओसच्या पोटावर आडवी बिजागरी असते. पुढचा भाग दारासारखा वर उचलला जातो आणि डोकं, पुढचे पाय आत बंद होतात. पेलोमेड्युसाला ही बिजागरी नाही. पण लहान पिल्लांत ती नीट तयार झालेली नसते, तेव्हा पिल्लू उलटं केलं तरी खात्री होईलच असं नाही. आणि उलटं करायचं कशाला? क्रूगरमध्ये ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायलाच मनाई आहे. पकडलेलं कासव चावतं, नखांनी ओरबाडतं, उग्र वासाचा स्राव सोडतं. आपल्या एका फोटोसाठी त्याला इतकं घाबरवणं मला मुळीच मान्य नाही.

‘एवढं काटेकोर कशाला, कासव ते कासवच’ असं कुणी म्हणेल. त्यांना हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांची हकिकत सांगतो. माहे बेटावरून 1895 साली आणल्याची नोंद असलेल्या मोजक्या नमुन्यांवरून 1906 मध्ये पेलुसिओस सेशेलेन्सिस हे वेगळं कासव म्हणून जाहीर झालं. बेटावर ती पुन्हा कुणाला दिसली नाही, म्हणून ती नामशेष धरली गेली. 2013 मध्ये संग्रहालयातल्या नमुन्याचा डीएनए पाहिला, तर ते पेलुसिओस कॅस्टेनियस निघालं, पश्चिम आफ्रिकेतलं नेहमीचं कासव. नमुन्यांवरची जागेची नोंदच बहुधा चुकलेली होती. जी जात कधी नव्हतीच, तिचं नाव नामशेषांच्या यादीत राहिलं. नमुना हातात असलेल्या तज्ज्ञांच्या बाबतीत हे घडू शकतं, तर गावाचं नाव नसलेल्या फोटोवर आपण किती विसंबायचं?

मग तो फोटो? त्यात जागा माहीत आहे, ही मोठीच सोय. कासवं मोठी आहेत. पेलोमेड्युसा बहुधा वीतभर, थोडं जास्त. पाणी बारमाही आहे, पेलोमेड्युसा मात्र आटणाऱ्या डबक्यांतही राहतं, चिखलात पुरून घेऊन कोरडे महिने काढतं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे फोटो मोठा करून कवचाची मागची कड पाहा. ती करवतीसारखी दातेरी आहे. हे पेलुसिओस सिन्युएटस, त्या प्रजातीतलं सगळ्यांत मोठं. बिजागरी पाहायची गरजच पडली नाही. कड पाण्याखाली असती, तर मी फक्त ‘पेलुसिओस असावं, क्रूगर’ एवढंच लिहिलं असतं.