सॉनिक्स सिॲटलमधून का गेले? फिरत्या मजकुराला उत्तर

जून २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरने अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात इंडियाना पेसर्सला हरवून एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं, विजेतेपद मिळवलं. तेव्हापासून एक जुनाच दावा नव्याने फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हा संघ आधी सिॲटलचा होता, नाव सुपरसॉनिक्स. पण सिॲटलच्या लोकांना बास्केटबॉलमध्ये रस नव्हता, स्टेडियम रिकामं असायचं. इमारत जुनाट होती, छतातून पाणी गळायचं. शहराने एक पैसा खर्च करायला नकार दिला. नव्या मालकांनी संघ तिथेच ठेवायचा मनापासून प्रयत्न केला आणि शेवटी नाइलाजाने २००८ मध्ये तो हलवला. म्हणून सॉनिक्सचं १९७९ चं विजेतेपदही आता थंडरचंच.

सिॲटलजवळच्या रेडमंड-बेलव्ह्यू भागात नोकरीसाठी आलेल्या आपल्या मराठी मंडळींमध्येही हे सहज खरं मानलं जातं. यातली बरीच मंडळी २००८ नंतर आली, त्यांनी सॉनिक्स कधी पाहिलेच नाहीत, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण जे घडलं त्याची कागदपत्रं आहेत, न्यायालयात झालेली सुनावणी आहे, आकडे आहेत. ते बाजूला ठेवून एका शहरावर ठपका ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

आधी प्रेक्षकांचं. सॉनिक्स १९६७ मध्ये सुरू झाले. नाव पडलं ते बोइंगच्या स्वनातीत प्रवासी विमानाच्या प्रकल्पावरून. तो प्रकल्प १९७१ मध्ये गुंडाळला गेला, संघाचं नाव मात्र टिकलं. सुरुवातीचं घर होतं सिॲटल सेंटर कोलिझियम. १९७८ मध्ये संघ किंगडोम या काँक्रीटच्या प्रचंड घुमटाखाली गेला. ती जागा मुळात बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉलसाठी बांधलेली, बास्केटबॉलला अवाढव्यच. तरीही १९७९-८० च्या हंगामात तिथे दर सामन्याला सरासरी २१,७२५ लोक आले. लीगमध्ये तोवर कुठल्याच संघाला इतकी सरासरी मिळाली नव्हती. १९७८ च्या अंतिम मालिकेतला चौथा सामना ३९,४५७ लोकांनी किंगडोममध्ये बसून पाहिला, आणि १९८० मध्ये मिलवॉकीविरुद्धच्या बाद फेरीतल्या सामन्याला ४० हजारांवर गर्दी झाली. बास्केटबॉल नको असलेल्या गावात असं होत नाही.

शेवटच्या वर्षांत गर्दी ओसरली होती, हे खरं आहे. २००७-०८ मध्ये सरासरी साडेतेरा हजारांच्याही खाली गेली आणि लीगमध्ये सिॲटल तळाच्या संघांत होतं. पण त्या हंगामाचा संदर्भ हा मजकूर देत नाही. २००४-०५ मध्ये याच संघाने ५२ सामने जिंकून आपला विभाग जिंकला होता आणि सरासरी १६ हजारांच्या वर होती. मग २००७ च्या जूनमध्ये, नव्या खेळाडूंच्या निवडीच्या रात्रीच, संघाचा प्रमुख खेळाडू रे ॲलन याला बॉस्टनला देऊन टाकलं. रशार्ड लुइस ऑर्लँडोला गेला. उरला एकोणीस वर्षांचा केविन ड्युरांट आणि त्याच्याभोवती एक कच्चा संघ, जो ८२ पैकी २० सामने जिंकला. मालकांनी संघ हलवणार असल्याचं हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात, २ नोव्हेंबर २००७ ला, लीगला कळवलं होतं. आपला संघ उचलून नेणार आहेत हे ठाऊक असताना, तो हरत असताना, तिकिटांचे पैसे त्याच मालकांच्या खिशात जाणार असताना, तेरा हजारांवर माणसं रोज येत होती. मला तर हा आकडा कमी नाही, जास्त वाटतो. १३ एप्रिल २००८ ला डॅलसविरुद्धच्या शेवटच्या घरच्या सामन्यात १६ हजारांवर प्रेक्षक होते. सॉनिक्सने तो ९९-९५ असा जिंकला. सगळं स्टेडियम ‘आमचे सॉनिक्स वाचवा’ म्हणून ओरडत होतं आणि ड्युरांट हात उंचावून त्या आवाजाला आणखी चढवत होता. संघ जाऊ नये म्हणून शहराने भरलेला खटला जूनमध्ये सुरू झाला, त्या दिवशी न्यायालयाबाहेर सुमारे तीन हजार लोक जमले, सॉनिक्सचे माजी खेळाडू गॅरी पेटन आणि झेवियर मॅकडॅनियलही आले.

आता इमारत. छत गळत होतं, ही गोष्ट खरी आहे आणि ती १९८६ ची आहे. ५ जानेवारी १९८६ ला फीनिक्सविरुद्धचा सामना दुसऱ्या चतुर्थांशात थांबवावा लागला, कारण कोलिझियमच्या छतातून मैदानावर पावसाचं पाणी ठिबकत होतं. सामना दुसऱ्या दिवशी पुढे चालू केला. बंदिस्त जागेत खेळल्या जाणाऱ्या खेळाचा सामना पावसाने थांबावा हे एनबीएने कधी पाहिलं नव्हतं, म्हणून हा किस्सा आजही सांगितला जातो. पण तो सांगताना पुढची नऊ वर्षं गाळायची आणि थेट २००८ ला येऊन ‘म्हणून संघ गेला’ म्हणायचं, ही सरळ दिशाभूल आहे.

कारण मधल्या काळात ती इमारत आतून पूर्ण नवी झाली होती. कोलिझियम मूळचं १९६२ च्या जागतिक प्रदर्शनातलं वॉशिंग्टन राज्याचं दालन, वास्तुरचनाकार पॉल थायरी. त्याचं उतरतं, चारी बाजूंनी जमिनीकडे झुकणारं छत शहराची ओळख बनलं होतं. १९९४-९५ मध्ये ते छप्पररूप राखून खालचं जवळजवळ सगळं पाडलं, खेळाची पातळी सुमारे ३५ फूट खाली नेली आणि १७ हजार आसनांचं नवं स्टेडियम उभं केलं. त्या एका हंगामासाठी सॉनिक्स पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला टॅकोमा डोममध्ये खेळले आणि त्या हंगामातही त्यांनी एकूण ५७ सामने जिंकले. १९९५ मध्ये की-अरीना या नव्या नावाने दारं उघडली. उद्घाटनाला लीगचे आयुक्त डेव्हिड स्टर्न स्वतः हजर होते, त्यांनी वास्तूचं कौतुकही केलं. त्याच पहिल्या हंगामात संघाने ६४ सामने जिंकले आणि अंतिम मालिकेत मायकल जॉर्डनच्या शिकागोला सहा सामन्यांपर्यंत झुंजवलं. चौथा आणि पाचवा सामना की-अरीनातच जिंकला. इतका आवाज त्या नीट आखलेल्या, आटोपशीर जागेत घुमायचा की पाहुण्या संघाला आपलंच बोलणं ऐकू यायचं नाही.

म्हणजे संघ गेला तेव्हा ते स्टेडियम अवघं तेरा वर्षांचं होतं. त्याची अडचण गळतीची नव्हती, हिशेबाची होती. लीगमधल्या स्टेडियमांमध्ये ते सगळ्यात लहान ठरू लागलं. खाद्यपदार्थ, दुकानं, महागड्या खासगी कक्षांसाठी जागा अपुरी. शिवाय करार असा होता की नूतनीकरणाचं कर्ज फेडण्यासाठी कक्षांच्या उत्पन्नातला वाटा शहराकडे जायचा. १९९९ मध्ये बेसबॉलचं आणि २००२ मध्ये फुटबॉलचं नवं कोरं स्टेडियम उघडलं, तशा कक्ष घेणाऱ्या कंपन्या तिकडे वळल्या. त्यामुळे शहराची कर्जफेडही अडखळली आणि संघाची मिळकतही. हा खरा पेच होता, आणि तो सोडवायला दोन्ही बाजूंनी उशीर केला हे मान्य करायला मला अडचण नाही.

शहराने पैसे दिलेच नाहीत, हा पुढचा मुद्दा. १९९५ च्या नूतनीकरणात शहराने सुमारे ७ कोटी ४५ लाख डॉलर घातले होते. २००१ मध्ये २० कोटी डॉलरला संघ घेणारे स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्ट्झ यांनी पाच वर्षांत सहा कोटींच्या आसपास तोटा झाल्याचं सांगत २००६ मध्ये २२ कोटी डॉलरच्या नव्या विस्तारासाठी सार्वजनिक पैसा मागितला, तेव्हा लोक नाही म्हणाले. नोव्हेंबर २००६ मध्ये सिॲटलच्या मतदारांनी सुमारे ७४ टक्के मतांनी कायदा केला: खेळाच्या संघांना शहराचा पैसा द्यायचा तर त्यातून सरकारी रोख्यांइतका तरी परतावा आला पाहिजे. बेसबॉल आणि फुटबॉल अशा दोन स्टेडियमांसाठी नुकतीच तिजोरी उघडून झालेल्या लोकांची ही भूमिका होती. तिला खेळाचा द्वेष म्हणणं चूक आहे. नगरपरिषदेतल्या एका सदस्याने संघाचं सांस्कृतिक मोल जवळपास शून्य आहे असं बोलून आगीत तेल ओतलं, पुढे माफीही मागितली. ते वाक्य लोकांनी फार लक्षात ठेवलं.

पण यापुढे काय झालं ते मजकुरात नसतं. मार्च २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर आणि त्यांच्याबरोबरच्या स्थानिक उद्योजकांनी की-अरीनाच्या ३० कोटींच्या नूतनीकरणाचा अर्धा खर्च, म्हणजे १५ कोटी डॉलर, स्वतः देऊ केला. राज्याच्या विधिमंडळाने उरलेल्या रकमेसाठी लागणारी परवानगी वेळेत दिली नाही. हा दोष ऑलिंपियातल्या, म्हणजे राज्याच्या राजधानीतल्या, लोकप्रतिनिधींचा आहे आणि तो त्यांच्या पदरात घालायलाच हवा. ‘सिॲटलला नको होतं’ असं त्यावरून म्हणता येत नाही.

आणि तो सगळ्यात वाईट भाग: ‘नव्या मालकांनी मनापासून प्रयत्न केला.’ जुलै २००६ मध्ये शुल्ट्झ यांनी क्ले बेनेट यांच्या ओक्लाहोमातल्या गटाला ३५ कोटी डॉलरला संघ विकला. विक्रीत अट होती की खरेदीदारांनी पहिले बारा महिने सिॲटल परिसरात नवं स्टेडियम मिळवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करायचा. त्यांनी काय पुढे केलं? रेंटन उपनगरात ५० कोटी डॉलरचं स्टेडियम, तेही बहुतांश करदात्यांच्या पैशातून, नुकताच ७४ टक्क्यांचा कौल आलेला असताना. असा प्रस्ताव नाकारला जावा म्हणूनच मांडतात. २००७ च्या अधिवेशनात तो पुढे सरकला नाही.

हे माझं अनुमान म्हणून सोडून देता आलं असतं. पण एप्रिल २००७ मध्ये, म्हणजे ‘प्रामाणिक प्रयत्नां’चं वर्ष चालू असताना, सहमालक टॉम वॉर्ड यांनी ईमेलमध्ये विचारलं होतं की पुढच्या हंगामासाठी संघ ओक्लाहोमाला नेता येईल का, की सिॲटलमध्ये आणखी एक हंगाम काढावा लागणार. बेनेट यांचं उत्तर होतं की मी झपाटलेलो आहे, जे शक्य आहे ते सगळं करू. पुढे ते म्हणाले, मी झपाटलो होतो तो संघ सिॲटलमध्ये ठेवण्यासाठी. प्रश्न वाचा, उत्तर वाचा आणि ठरवा. ऑगस्टमध्ये आणखी एक सहमालक, ऑब्री मॅक्लेंडन, ओक्लाहोमातल्या वृत्तपत्राला उघडपणे म्हणाले की आम्ही संघ सिॲटलमध्ये ठेवण्यासाठी घेतला नव्हता, तो इकडे यावा अशी आशा होती. लीगने त्यांना अडीच लाख डॉलर दंड केला.

याच मालकांकडे महिलांचा सिॲटल स्टॉर्म हा संघही होता. तेच शहर, तेच स्टेडियम, तेच प्रेक्षक. जानेवारी २००८ मध्ये सिॲटलच्या चार महिलांनी तो एक कोटी डॉलरला विकत घेतला आणि इथेच ठेवला. २००४ मध्ये एकदा विजेते झालेले स्टॉर्म त्यानंतर २०१०, २०१८ आणि २०२० मध्येही जिंकले. मालकाची इच्छा असली की काय होतं हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

लीगच्या मालकांनी १८ एप्रिल २००८ ला २८ विरुद्ध २ मतांनी स्थलांतराला संमती दिली. विरोध फक्त डॅलसचे मार्क क्युबन आणि पोर्टलंडचे पॉल ॲलन यांचा. की-अरीनाचा करार २०१० पर्यंत होता, म्हणून शहर न्यायालयात गेलं. न्यायाधीश मार्शा पेचमन निकाल देणार त्याच दिवशी, २ जुलैला, निकालाच्या काही तास आधी शहराने तडजोड केली: साडेचार कोटी डॉलर लगेच, आणि पाच वर्षांत काही अटी पूर्ण होऊनही नवा संघ मिळाला नाही तर आणखी तीन कोटी. निकालाची वाट न पाहता ही सही करणं माझ्या मते शहराच्या नेतृत्वाची सगळ्यात मोठी चूक होती. जिंकले असते तर दोन हंगाम मिळाले असते, आणि दोन हंगामांत पुष्कळ काही घडू शकतं.

ओक्लाहोमा सिटीच्या लोकांविषयी माझ्या मनात काही किल्मिष नाही. कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सचा संघ त्यांनी २००५ ते २००७ असा सांभाळला, मार्च २००८ मध्ये विक्रीकर चालू ठेवायला मत देऊन स्टेडियमसाठी १२ कोटींहून अधिक डॉलर उभे केले. त्यांनी आपल्या शहरासाठी केलं. फसवणूक त्यांची नव्हती.

उरला १९७९ चा किताब. लीगच्या नोंदवहीत थंडरच्या खात्यावर दोन विजेतेपदं दिसतात, हे बरोबर आहे. पण तडजोडीनुसार सुपरसॉनिक्स हे नाव, बोधचिन्ह आणि हिरवा-सोनेरी रंग थंडरला वापरता येत नाही, ते सगळं भावी सिॲटल संघासाठी राखून ठेवलं आहे, आणि इतिहास दोन्ही संघांमध्ये सामायिक राहणार आहे. १९७९ चा चषक सिॲटलमध्येच आहे. प्रशिक्षक लेनी विल्कन्स यांनी ५ विजय आणि १७ पराभव अशा अवस्थेतला संघ हाती घेऊन त्याच हंगामात अंतिम मालिकेपर्यंत नेला आणि पुढच्या वर्षी वॉशिंग्टन बुलेट्सला ४-१ ने हरवलं, ते जॅक सिक्मा, गस विल्यम्स, फ्रेड ब्राउन आणि मालिकेतला सर्वोत्तम ठरलेला डेनिस जॉन्सन यांच्या जोरावर. यातला एकही सामना ओक्लाहोमाचा म्हणून खेळला गेला नव्हता.

ज्या इमारतीला हा मजकूर टाकाऊ म्हणतो, तिचं १९६२ चं छत आजही तिथेच आहे. सुमारे २० हजार टन वजनाचं ते छत अधांतरी तोलून धरून खाली नव्याने खोदकाम झालं, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ती क्लायमेट प्लेज अरीना या नव्या नावाने उघडली. खर्च ११५ कोटी डॉलर, खासगी पैशातून. त्यात बास्केटबॉलसाठी १८ हजारांच्या वर आसनं आहेत.