काका, हे लेटर जरा बघता?

काल लोकलमध्ये एका चोवीस वर्षांच्या पोराने माझं सांत्वन केलं. घरात कुणी गेलं नव्हतं. त्याने फक्त विचारलं, "काका, एकाच कंपनीत किती वर्षं?" चौथ्या सीटवर बसून जेवढी निघते तेवढी छाती काढून मी "एकतीस" म्हटलं. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "होतं असं, काका."

करी रोडहून स्लोने दादरला येऊन डोंबिवली फास्टमध्ये घुसायचं, हा माझा रोजचा पराक्रम. चौथ्या सीटवर अर्धा माणूस बसतो, उरलेला उभाच असतो. तिसऱ्या सीटवर हा पोरगा मोबाईलवर राजीनामा टाइप करत होता. माझी नजर पडली. म्हणजे मी टाकली. त्याने उलट फोनच पुढे केला. "काका, हे लेटर जरा बघता? तुम्हाला असलं येत असेल."

असलं म्हणजे कसलं, ते मी विचारलं नाही. मजकूर दोन ओळींचा. हाय, मी आजपासून नोटिसवर, माझं इथलं शिकणं संपलं. शेवटी हात जोडलेला इमोजी.

माझ्यातला हेडक्लार्क खवळला. 'विथ ड्यू रिस्पेक्ट' घातलं, 'आय रिग्रेट टु इन्फॉर्म' घातलं, संधी दिल्याबद्दल आभार, चुकलंमाकलं असल्यास क्षमा. घाटकोपर येईपर्यंत चौदा ओळी झाल्या. त्याने नीट वाचलं.

"काका, राजीनामा मी देतोय की मला काढतायत?"

खिडकीतले गृहस्थ डोळे मिटून झोपल्याचं सोंग करत होते. पोट मात्र गदागदा हलत होतं. तेव्हाच त्याने तो वर्षांचा प्रश्न विचारला, आणि गुडघ्याचं प्रकरण झालं.

मग मी हुकमी पत्ता काढला. "अरे, पाच वर्षं तरी काढ कुठे. ग्रॅच्युइटी लागते. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार!"

"पाच वर्षांनी मुंबई कोरडी असेल का, ते सांगा आधी. २००५च्या २६ जुलैला मी चार वर्षांचा होतो. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. बाबा छातीएवढ्या पाण्यातून ऑफिसची फाइल डोक्यावर धरून घरी आले. फाइल वाचली. पुढच्या वर्षी बाबांना काढलं."

पोट हलायचं थांबलं.

मला खरं तर माझ्या बाबांचं सांगायचं होतं. ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि तो रीतसर मिटला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. बाबा पुढे कित्येक महिने पहाटे उठून गेटपर्यंत जाऊन यायचे, आणि आई डबा भरायची, कारण नाही भरला तर काय समजायचं? आज माझं ऑफिस लोअर परळला अशाच एका बंद गिरणीच्या आवारात आहे. साच्यांच्या जागी एसी घरघरतो. मी नोकरी धरली ती घाबरून. निष्ठा वगैरे शब्द कंपनीने पंचविसाव्या वर्षी दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळावर छापलेत. त्याचा सेल मीच आणला.

पण हे जुळवून तोंड उघडेपर्यंत ठाणं आलं आणि त्याने आपल्या त्याच दोन ओळी पाठवून दिल्या. माझ्या चौदा गेल्या खाडीत.

कळव्याच्या आत साहेबाचं उत्तर! प्लीज कॉल कर, पगाराचं बोलू. त्याने मला दाखवलं आणि फोन खिशात टाकला. "उद्या बघू. आता ऑफिस सुटलं."

इथे मात्र माझी सटकली. याच गुडघ्यासाठी मी सोमवारी दोन दिवसांची रजा मागितली आहे. 'विथ ड्यू रिस्पेक्ट'सकट. काल गुरुवार होता. उत्तर नाही. माझा साहेब बत्तीस वर्षांचा आहे, त्याला 'सर' म्हणायला मी शिकलो, आणि त्याला दोन अक्षरी 'ओके' टाइप करवत नाही. हे सगळं मी त्या पोराला, खिडकीतल्या पोटाला आणि दारातल्या चार जणांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

"हात जोडलेला टाकून बघा, काका," तो उतरता उतरता म्हणाला.

डोंबिवलीच्या पुलावर कठडा धरून, मध्येच थांबून मी टाकला. मागून लोकांनी शिव्या घातल्या. तिसऱ्या पायरीला दोन निळ्या टिका आल्या.

अजून तेवढ्याच आहेत.