तो कंटेनर आळसामुळे अडकत नाही

आज पुन्हा तेच वाक्य वाचलं. "काही देशांना जगाशी व्यापार करायचाच नसतो, आळशी असतात." उचलली जीभ लावली टाळ्याला! सकाळपासून डोक्यातून जात नाहीये. असं लिहिणाऱ्यानं एक, फक्त एक वीस फुटी कंटेनर आफ्रिकेतल्या चाडच्या राजधानीत, न्जामेनाला पोहोचवून दाखवावा. मग बोलू.

चाडला समुद्र नाही. माल उतरतो कॅमेरूनच्या दुआला बंदरात. तिथून न्गाउंदेरेपर्यंत रेल्वे आणि पुढे ट्रक, नाहीतर सगळाच रस्ता. साधारण 1,800 किलोमीटर. आणि मित्रांनो, अंतर हा त्यातला सोपा भाग आहे.

पहिली अडचण जहाज निघायच्या आधीची. विकणारा म्हणतो, एलसी उघडा, म्हणजे पैसे मिळतील अशी बँकेची लेखी हमी द्या. स्थानिक बँक उघडते, पण परदेशातला विक्रेता त्या बँकेला ओळखत नाही. त्याला एखाद्या मोठ्या बँकेचं कन्फर्मेशन, म्हणजे तिचीही हमी, हवं असतं. मोठ्या बँका तर छोट्या, गरीब देशांतल्या बँकांची खाती बंद करत सुटल्यात, कारण तिथल्या व्यवहारांच्या तपासणीचा खर्च मिळणाऱ्या कमिशनपेक्षा जास्त होतो. मग स्थानिक बँक आयातदाराकडून बऱ्याचदा पूर्ण रक्कमच मार्जिन म्हणून आधी अडकवून ठेवते. माल विकून पैसे हातात येईपर्यंत काही महिने जातात. चलन डळमळीत आहे म्हणून हे होतं असंही नाही. चाडचा सीएफए फ्रँक युरोला 655.957 या ठरलेल्या दरानं बांधलेला आहे.

मग बाँड, म्हणजे सीमाशुल्काची हमी. माल कॅमेरूनमध्ये विकायचा नाही, फक्त तिथून न्यायचाय. पण वाटेत तो गुपचूप विकला गेला तर कॅमेरूनचं सीमाशुल्क बुडतं, म्हणून तेवढ्या रकमेची हमी द्यावी लागते. ती सुटते कधी? माल सीमेपार गेल्याचा शिक्का बसून तशी नोंद दुआलाला परत आली की. सीलच्या नंबरातला एक आकडा कागदाशी जुळला नाही, एखादा शिक्का राहिला, की बंदरातून माल सोडवणाऱ्या क्लिअरिंग एजंटची हमी तशीच अडकून. हमीची मर्यादा संपली की त्याचे पुढचे कंटेनर बंदरातच उभे. ट्रक तयार, ड्रायव्हर तयार, तरी उभे! यात आळस कुठे आला?

वजनकाट्याचं तर विचारूच नका. एकूण वजन नियमात असतं, पण भरताना जड माल एका टोकाला गेला की एका अ‍ॅक्सलवर (चाकांच्या आसावर) भार वाढतो. दंड भरा, नाहीतर उघड्या रस्त्यावर माल उतरवून पुन्हा लावा.

"त्यांची सरकारंही धड नाहीत" असं कुणीतरी म्हणेलच. बरं, नाहीत, मान्य. दुआलाहून चाडला जाणाऱ्या मालातला 65 टक्के चाडच्या ट्रकना आणि 35 टक्के कॅमेरूनच्या ट्रकना, अशी वाटणी करारानं ठरवलेली. त्यात माल पाळीनं मिळत आला. पाळी येणारच असेल तर नवा ट्रक घेऊन वेगानं फेऱ्या मारायच्या कशाला? हे दुखणं घरचंच आहे. उत्तर कोरियानं दारं स्वतःच लावून घेतली, तेही खरं. पण म्हणून सगळे एकाच माळेचे मणी?

आणि स्वित्झर्लंडचा दाखला कृपा करून देऊ नका. बाझलहून राइन नदी थेट रॉटरडॅमकडे जाते, आणि तिच्यावर जहाजं चालवण्याचं स्वातंत्र्य 1868 च्या मानहाइम करारानं पक्कं केलेलं आहे. शेजारी श्रीमंत, गिऱ्हाईक दाराशी. चाडच्या शेजारी लिबिया आणि सुदान आहेत हो.

क्युबाच्या तर चारही बाजूंना समुद्र. पण 1992 च्या अमेरिकी कायद्यानुसार तिथं व्यापारासाठी गेलेलं जहाज परवान्याशिवाय पुढचे 180 दिवस अमेरिकेच्या बंदरात माल चढवू-उतरवू शकत नाही. एवढ्याशा बाजारासाठी तेवढा मोठा बाजार कोण सोडेल?

पुन्हा त्या कंटेनरकडे येते. समजा, पोहोचला. खाली झाला. आता सव्वादोन टनांचा तो रिकामा डबा 1,800 किलोमीटर परत न्यायचा, कारण तो जहाज कंपनीचा. मोफत दिवस संपले की रोजचं डिटेन्शन, म्हणजे डबा उशिरा परत केल्याचा आकार, सुरू. जाताना त्यात भरायचं काय? चाडची गुरं शेजारच्या देशांत बरीचशी पायी चालत जातात. उरतो कापूस, थोडा डिंक. म्हणजे परतीचं भाडंही आणलेल्या मालावरच चढतं, आणि शेवटी ते कुणी तरी बाई पिठाच्या पिशवीवर, औषधाच्या बाटलीवर भरते. याचं फार वाईट वाटतं. ती बाई आळशी नाही. तिला हे माहीतही नाही.

मार्ग नाहीत असंही नाही. झांबिया-झिंबाब्वे सीमेवर चिरुंडूला 2009 पासून दोन्ही देशांचे अधिकारी एकाच ठिकाणी तपासणी करतात, ट्रक एकदाच थांबतो. जमतं की!

आणि चाडचं तेल? ते दोबाहून कॅमेरूनच्या क्रिबी किनाऱ्याला जातं, 1,070 किलोमीटरच्या पाइपलाइननं, 2003 पासून. त्यासाठी परदेशी कंपन्या आल्या, जागतिक बँक आली, दोन देशांचे करार झाले, सगळे कागद वेळेवर हलले. कंटेनरच्या वाटेसाठी एवढा जोर कुणी लावला, ते आधी सांगा.