रात्री जाब कोणाला विचारायचा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. मोठ्या संस्थांनी संकेतस्थळासाठी ओपन सोर्स सीएमएस (साइटचा मजकूर सांभाळणारं, मूळ कोड सर्वांना खुला असलेलं सॉफ्टवेअर) वापरावं, या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा : पिंपरीच्या कारखान्यात तुम्ही खरेदी विभाग सांभाळलात, तिथे प्रत्येक यंत्रामागे एक कंपनी उभी असायची. फुकटच्या सॉफ्टवेअरमागे कोणीच नाही, मग रात्री साइट पडली तर जाब कोणाला विचारायचा? प्रश्न रास्त आहे. तुम्ही ज्या शिक्षणसंस्थेच्या नियामक मंडळावर आहात, तिच्यासाठी तर तातडीचाही आहे.

१५ ऑक्टोबर २०१४ ची रात्र घ्या. ड्रुपल या ओपन सोर्स सीएमएसच्या सातव्या आवृत्तीत, ड्रुपल ७ मध्ये, एसक्यूएल इंजेक्शनची (बाहेरून डेटाबेसमध्ये आज्ञा घुसवता येण्याची) एक भयंकर त्रुटी सापडली होती. लॉगिन न करताही बाहेरच्या कोणालाही साइटचा ताबा घेता येईल, अशी. दुरुस्ती जाहीर झाली तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजले होते. काही तासांतच स्वयंचलित हल्ले सुरू झाले. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा गटाने स्पष्ट सांगितलं की पहिल्या सात तासांत, म्हणजे आपल्याकडच्या पहाटे साडेचारपर्यंत, ज्यांनी पॅच (म्हणजे ही दुरुस्ती) लावला नाही त्यांनी आपली साइट फुटली असंच धरून चालावं. दुरुस्ती सगळ्यांना एकाच क्षणी, विनामूल्य मिळाली होती. वाचले ते, ज्यांच्याकडे त्या रात्री ती लावणारा माणूस होता. मार्च २०१८ मध्ये पुन्हा तशीच गंभीर त्रुटी निघाली, तेव्हा गटाने आठवडाभर आधी वेळ कळवली : २८ मार्च, आपल्याकडे रात्री साडेअकरा ते एकच्या दरम्यान. माणूस नेमलेला असेल तर एवढी सूचना पुरते.

तेव्हा जाब विचारायचा तो तुम्ही पगारावर किंवा देखभाल करारावर ठेवलेल्या माणसाला. विकतच्या सॉफ्टवेअरलाही तो लागतोच. तिथला परवाना करार नीट वाचलात तर भरपाईची मर्यादा बहुधा तुम्ही भरलेल्या शुल्काच्या आसपासच ठेवलेली दिसेल. कारखान्यात यंत्र घेताना तुम्ही एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) विचार आधी करत असणार. संकेतस्थळाच्या निविदेत मात्र पानंच्या पानं उभारणीवर, आणि देखभालीला 'पहिलं वर्ष मोफत' एवढी एक ओळ! याचा मला खरोखर राग येतो, कारण पुढची आठ-दहा वर्षं त्या एका ओळीवर काढायची असतात.

परवान्याचे पैसे वाचतात, हा माझ्या लेखी दुय्यम फायदा. मोठा फायदा आहे तो कंत्राटदार बदलता येण्याचा. शहरातल्या एका मोठ्या संस्थेत मी हे जवळून पाहिलं. कंत्राटदाराने स्वतःचं बंदिस्त सीएमएस बसवलेलं, आणि करार संपला तेव्हा माहिती बाहेर काढायची सोयच नाही. सूचना, निकाल, प्राध्यापकांचे लेख, सगळं कर्मचाऱ्यांनी एकेक पान कॉपी-पेस्ट करून हलवलं. ड्रुपल आणि तसंच दुसरं सीएमएस वर्डप्रेस, दोन्ही जीपीएल परवान्याखाली आहेत, म्हणजे त्यांचा कोड कोणालाही वापरता आणि बदलता येतो. कोथरूडच्या एजन्सीशी बिनसलं तर बाणेरची दुसरी एजन्सी तेच काम पुढे नेऊ शकते. मात्र डोमेन, सर्व्हर आणि गिट रिपॉझिटरी (साइटच्या कोडचा साठा) संस्थेच्याच नावावर हवी. डोमेन एजन्सीच्या खात्यात असेल तर कुठलाही परवाना तुम्हाला सोडवणार नाही. व्हाइट हाउसची साइट २००९ मध्ये ड्रुपलवर आली आणि २०१७ मध्ये वर्डप्रेसवर गेली. अशी ये-जा आपल्यालाही जमायला हवी.

खर्च येतच नाही असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ड्रुपल ७ आलं २०११ मध्ये आणि ८ आलं २०१५ मध्ये. या दोन आवृत्त्यांमध्ये पायाच इतका बदलला की अनेकांना साइट जवळजवळ नव्याने बांधावी लागली. जुन्या आवृत्तीचा आधार पुन्हा पुन्हा मुदत वाढवत अखेर ५ जानेवारी २०२५ ला संपला. ज्यांनी आपल्या प्रत्येक हट्टासाठी स्वतंत्र मॉड्यूल (जादा सोयीचा जोड-कोड) लिहून घेतलं होतं, त्यांचे हाल जास्त झाले. म्हणून माझा आग्रह असतो की, शक्य तिथे कार्यालयाने आपली पद्धत थोडी वाकवावी आणि वेगळा कोड कमीत कमी लिहून घ्यावा.

वर्डप्रेस की ड्रुपल, हेही तुम्ही विचारलंत. प्रत्येक महाविद्यालयाला आपापली साइट, आपापल्या बातम्या एवढंच हवं असेल तर वर्डप्रेस मल्टिसाइट (एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट) पुरे. अभ्यासक्रम, शुल्क, प्राध्यापकांची माहिती एका ठिकाणी भरून सगळीकडे दिसायला हवी असेल, आणि विभागप्रमुख, प्राचार्य, मग मुख्य कार्यालय अशी मंजुरीची साखळी असेल, तर मी ड्रुपलकडे झुकेन.

पण ठरवण्याआधी सूचना टाकणाऱ्या दोन-तीन क्लार्कना दोन्हींसमोर बसवा. त्यांच्या खऱ्या मराठी सूचना त्यांनाच टाकू द्या. मजकूर अजून सुरेख किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप होत असेल तर साइटवर तो नुसता अक्षरांचा कचरा दिसतो, मग त्याची प्रिंट काढून स्कॅन केलेली पीडीएफ चढवली जाते. ती शोधात सापडत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. युनिकोड (सगळीकडे सारखी वाचता येणारी अक्षरपद्धत) आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डच्या प्रशिक्षणाची रक्कम निविदेतच धरा. देखभाल, पॅचची कालमर्यादा आणि हस्तांतरण या तीन कलमांचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. पुढच्या बैठकीआधी हवा असेल तर इथेच कळवा, लगेच पाठवतो.