शेकोटीचा हौद

परसात शेकोटी बांधायचं ठरलं की घरातला प्रत्येक जण विस्तवाचा विचार करतो, पावसाचा कुणीच करत नाही. देशावर शेकोटी पेटणार फार तर दोन महिने. पाऊस मुक्कामाला चार. म्हणजे आपण मुळात हौदच बांधत असतो, मधूनमधून जाळ करायच्या सोयीसह.

खड्डा खणून तळाला खडी टाकली की पाणी जिरतं, हे काळ्या मातीला कुणी कळवलेलं नाही. ती ओली झाली की फुगते, पाणी धरून बसते आणि जुलैत बेडूक बिऱ्हाड थाटतात. म्हणून दीड फूट माती काढावी, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुम्मसाने ठोकावा. वर सहा इंच खडी, आणि खडीच्या तळातून उताराकडे दोन इंची पाइप. त्याच्या तोंडाला जाळी हवीच, नाहीतर उंदीर भाडेकरू.

इथे गवंडी म्हणतो, "साहेब, सगळं सिमेंटात घेऊ, हलायचं नाही." हलत नाही, भुगा होतो, जाळानं सिमेंटातलं पाणी उडालं की सांधे सुटतात. नदीतले गोटे सुचवणारे पाहुणे त्याहून घातक. गोट्यात मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की तो फुटतो, आणि कपची मानपान बघून उडत नाही.

आतलं कडं फायर ब्रिकचंच, म्हणजे जाळ सोसणाऱ्या भट्टीच्या विटांचंच हवं. नऊ इंची विटा, एका थरात बारा, की आतला व्यास चौतीस इंच येतो. खालच्या थरात अकराच लावून दोन-दोन इंचांच्या चार फटी ठेवाव्या. हवा तिथून येते. चार थरांना विटा सत्तेचाळीस, पण पन्नास आणाव्या, कारण तीन उतरवतानाच फुटतात. बाहेरून काळ्या दगडाची भिंत सिमेंटात चालते. फक्त तिच्यात फटींसमोर फटी ठेवायच्या आणि दोन्हींमध्ये इंचभर मोकळं सोडायचं. विटा तापल्या की फुगतात. जागा नसेल तर भिंतच ढकलतात.

बसायचा कट्टा भिंतीपासून चार फुटांवर, अठरा इंच उंच, पंधरा इंच रुंद. वर शहाबादी फरशी, बाहेरच्या बाजूला अर्धा इंच उतार. उतार विसरलात तर पहिल्या सरीनंतर बसणाऱ्याच्या पॅन्टवर आपल्या कारागिरीची सही उमटते. कट्टा पूर्ण गोल करू नये. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून असतो, तेव्हा पश्चिमेकडे मोकळं ठेवावं. तरीही धूर एका काकांच्याच मागे लागतो. ते वाऱ्याला आडवे बसले की त्यांच्यापुढे हवा मंदावते आणि धूर तिथेच घुटमळतो. काका मात्र ओल्या लाकडावर खापर फोडतात. लाकूड ओलं असतंच म्हणा.

झाकण चार फुटी पत्र्याचं, मध्ये उंच. सपाट झाकणावर डासांची अळी सुखाने वाढते. राख पूर्ण थंड झाल्याशिवाय ते ठेवू नये. आणि बाग छाटून निघालेलं लाकूड "फुकटचं आहे" म्हणून कुणी आणून टाकलं, तर त्यात कण्हेर नाही ना, ते आधी बघावं. तिचा धूर विषारी असतो. रंगवलेलं प्लायवूडही परत पाठवावं, आणणारा जावई असला तरी.